आप्तांक बावीस

हौसाबाई खराडे माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा चपला जिन्याखाली काढून आल्या होत्या. सांगलीत विश्रामबागेत एका बेकरीच्या वर माझं ऑफिस आहे. एप्रिलातल्या दुपारी त्या लोखंडी जिन्यावर अनवाणी पाय ठेवला तर फोड यायचे. मी ओरडलेच. "अहो आजी, चपला घालून यायचं! हे काय देऊळ आहे?"

"व्हिसा हितंच मिळतोय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग देऊळच की."

मी सुनंदा कुरणे, वकील. परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. नोकरीचे व्हिसा, नवऱ्यामागून जाणाऱ्या बायका, मुलांमागून जाणारे आईबाप, शेवटी नागरिकत्वाची शपथ. देश कुठलाही असो, आमच्याकडे सगळे त्याला 'तिकडं' म्हणतात. हौसाबाईंचा मुलगा धैर्यशील तिकडं सोळा वर्षं होता. त्याला नुकतंच नागरिकत्व मिळालं होतं आणि त्याला आईला कायमचं न्यायचं होतं. आईबापांसाठीचा व्हिसाचा वर्ग त्या डिसेंबरअखेर बंद होणार होता, तो पुन्हा कधी उघडेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहत्तर वर्षांच्या बाईसाठी याचा अर्थ सरळ होता. आत्ता, नाहीतर कधीच नाही.

त्यांच्यामागे त्यांची धाकटी जाऊ मालन कागदांची पिशवी पोटाशी धरून उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही. दोघी विधवा, डोणेवाडीत एकाच घरात, एकाच चुलीवर राहणाऱ्या. मी धैर्यशीलला व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा मालननं फोन हातात घेतला आणि थोरलीच्या तोंडासमोर धरला. स्वतः फोनच्या मागे, चित्रात येणार नाही अशा बेतानं. दर रविवारी चार वाजता त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी ती असाच धरायची, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला वाटलं, लाजाळू बाई आहे.

आता थोडं यंत्राबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पूर्वी आईबापांच्या अर्जाला तिकडे डीएनए मागायचे. त्यात दत्तक मुलं अडकायची, सावत्र आया अडकायच्या, नातवाला वाढवणाऱ्या आज्या अडकायच्या. फार ओरड झाली. मग आप्तमापन आलं. रक्त बघू नका, सहवास बघा, असा त्यामागचा विचार. आपण ओळखीचा चेहरा पाहतो तेव्हा 'ही अमुक' असं आपल्या ध्यानात यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. मेंदूला मात्र ते त्याच्या कितीतरी आधी कळलेलं असतं. पेशींचे काही समूह एकामागून एक जागे होतात आणि त्यातून अगदी क्षीण चुंबकीय लहर उठते. ती मोजायला पूर्वी खोलीएवढं गोठवलेलं यंत्र लागायचं, आता संवेदक बसवलेली एक टोपी पुरते. अनोळखी माणसाला पाहून उठणारी लहर वेगळी, शेजाऱ्याला पाहून उठणारी वेगळी, आणि ज्यानं आपल्याला न्हाऊमाखू घातलं त्याला पाहून उठणारी वेगळी. हजारो कुटुंबांच्या लहरींशी ताडून यंत्र शंभरपैकी आकडा देतं. त्याला आप्तांक म्हणतात.

चेहरा, आवाज आणि वास अशा तिन्हींची परीक्षा होते. अनोळखी माणसांचे आणि घरातल्या इतर बायकांचे फोटो तुलनेसाठी मधे मिसळतात. वासाला फार महत्त्व असतं, कारण तान्हं मूल सगळ्यांत आधी आईला वासानंच ओळखतं आणि ती ओळख शेवटपर्यंत पुसत नाही. या यंत्राशी खोटं बोलता येत नाही, कारण खोटं बोलायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ते देत नाही. आईची लेकाबद्दलची लहर आणि लेकाची आईबद्दलची लहर, दोन्ही साठच्या वर हव्यात. मला हे यंत्र आवडायचं. माणसांपेक्षा ते दयाळू आहे असं मी पक्षकारांना सांगायचे.

हौसाबाईंची परीक्षा पुण्यात झाली. शहाण्णव! केंद्रातली मुलगी म्हणाली, इतका आकडा तिनं दोन वर्षांत पाहिला नव्हता. हौसाबाईंनी मला फोनवर तीनदा तो आकडा म्हणायला लावला.

"शाळंत असतं तर पेढं वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "पर शाळंत गेलीच न्हाई."

मग धैर्यशीलच्या परीक्षेसाठी हौसाबाईंच्या अंगावरचं कापड पाठवायचं होतं. मी काचेची बरणी दिली आणि चार चारदा बजावलं. घरात नेसायचं सुती लुगडं, चार दिवस अंगावरचं, धुवायचं नाही, पावडर नाही, अत्तर नाही. कुरिअरवाला दारात आला की बरणीत घालून झाकण लावायचं. मालननं मान हलवली, हौसाबाईंनी मान हलवली. कुरिअर गेलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात धैर्यशीलचा फोन आला. आधी बराच वेळ तो हवापाण्याचं बोलला. मी म्हटलं, "धैर्यशील, माझी दोन माणसं बाहेर थांबलीत. काय झालं ते सांगा."

"मॅडम, त्यांनी ती बरणी उघडली ना, तेव्हा मला रडू आलं. एकदम. मी चाळीस पार केलेला माणूस, डोक्यात ती टोपी, समोर दोन तंत्रज्ञ, आणि मी हुंदके देतोय. का, ते मलाच कळेना. एवढं आईच्या फोटोला नाही आलं. अहवाल तुम्हाला पाठवलाय. तो मला नीट कळला नाही."

मला कळला. आईचा चेहरा, चौतीस. आईचा आवाज, एकेचाळीस. बरणीतला वास, त्र्याण्णव. खाली अधिकाऱ्याची दोन ओळींची टीप होती. चेहरा आणि वास एकाच व्यक्तीचे वाटत नाहीत, तीस दिवसांत खुलासा करा. मागे पुरवणीत तुलनेच्या फोटोंचे आकडे होते. अनोळखी बायका पाच, सात, चार. आणि 'घरातील स्त्री, क्रमांक दोन' हिच्यापुढे अठ्ठ्याऐंशी. क्रमांक दोनचा फोटो मीच अर्जाला जोडला होता. तो मालनचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोणेवाडीला गेले. मालन गोठ्यात होती. हौसाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या, पुढ्यात तिकडं न्यायच्या वस्तूंची उघडी पेटी. मी काही प्रस्तावना केली नाही. "आजी, बरणीत कुणाचं लुगडं घातलंत?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "माजंच ठेवलं हुतं वो. चार दिवस नेसली. पर त्या दिवशी सकाळी बगितलं तर पदराला श्याणाचा डाग, घामाचा वास. परक्या मुलकातलं सायब ते हुंगणार. जिवाला पटंना. धुऊन टाकलं. आनि मग तुमचं बोलणं ध्यानात आलं, धुतलेलं चालत न्हाई. कुरिअरवाला दारात हुबा. मालनचं वलणीवर पडलं हुतं, बिनधुतलं. दिलं घालून. एकाच घरातलं लुगडं, एकाच साबणाचं. तेला काय हुतंय?"

बाईनं स्वतःच्या घामाची लाज बाळगली आणि जावेच्या घामाची बाळगली नाही. दुसरा कुठला प्रसंग असता तर मी हसले असते. पण पुरवणीतला तो अठ्ठ्याऐंशी माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी फक्त विचारलं, "आजी, धैर्यशील कुणाचा?"

त्यांनी आधी गोठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. लपवालपवीची ताकद संपली असावी.

"मालनचा," त्या म्हणाल्या.

हौसाबाईंच्या लग्नाला अकरा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. घरात दुसरी बायको करायची भाषा सुरू झाली होती. त्याच वर्षी मालन या घरात आली आणि वर्षाच्या आत तिला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी, पाच सवाष्णींसमोर, तिनं आपण होऊन तो थोरलीच्या ओटीत घातला. ग्रामपंचायतीत आईचं नाव हौसाबाई लागलं. दत्तकपत्र वगैरे कुणाच्या डोक्यातही आलं नाही, घरातल्या घरात कशाला हवाय कागद? मालननं तेव्हा हौसाबाईंच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. आजपासून मी त्याची काकी. तिला पुढे मूल झालं नाही.

"मला दूध न्हवतं. अंगावर तिनंच पाजलं, दीड वरीस," हौसाबाई म्हणाल्या. "नंतर ते पोरगं झोपंतनं उठून तिच्या अंतरुणात जायचं. रोज. मी उचलून आणायची, त्ये पुन्ना जायचं. मला बगवायचं न्हाई वो. सात वर्साचं झालं तवा मीच हट्ट करून हॉस्टेलात घातलं. शिकू दे, मोटं हुऊ दे म्हणाली. खरं कारण ते न्हवतं. खरं कारण आज सांगतीया."

त्या रडल्या नाहीत. एवढ्यात मालन दुधाची चरवी घेऊन आत आली, आमच्या दोघींची तोंडं बघितली आणि तिथंच उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्यावरच चिडली. "शब्द मोडला न्हाई मी. मशीनला कुणी इचारलं हुतं?"

आता जे केलं ते मी केलं, म्हणून स्पष्ट लिहिते.

हौसाबाईंचा अर्ज बुडाला होता. वासाची परीक्षा पुन्हा केली तरी चेहऱ्याचा चौतीस साठ होणार नव्हता. पण दुसरा रस्ता मला लख्ख दिसत होता. आई म्हणून मालननं अर्ज करायचा. धैर्यशीलची बाजू आधीच भक्कम होती, त्र्याण्णव आणि अठ्ठ्याऐंशी. त्यासाठी एकच गोष्ट लागत होती. पहिल्या अर्जदारानं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं की मी या इसमाची आई नाही. ते एकदा दिलं की मागे घेता येत नाही.

ओसरीवर बसून मी हे सांगितलं. मालन म्हणाली, "न्हाई. आक्का, मी कुटं जायाची न्हाई."

"तू गप," हौसाबाई म्हणाल्या. मग बराच वेळ त्या पेटीतल्या वस्तू लावत बसल्या. नातीचं झबलं-टोपडं, जी नात आता पाच वर्षांची होती. मेतकुटाचा डबा. तिकडच्या भाषेतली चार वाक्यं मी लिहून दिली होती, तो कागद. शेवटी त्या म्हणाल्या, "वकीलबाई, तिनं बारा दिवसांचं पोर माज्या ओटीत घातलं तवा तिचं वय येकवीस हुतं. माजं आता भात्तर हाय. मला एवढं जड कशापायी जावं? कुटं अंगठा करायचा?"

"तुम्हाला सही येते ना?"

"येती. पर ह्या कागदावर माजं नाव माज्या हातानं न्हाई लिवायची."

मी नेहमी मालनसारख्या पक्षकाराची आधी खासगी पूर्वचाचणी करून घेते. पुण्यात दोन ठिकाणी सोय आहे, एक दिवसाचं काम. या वेळी केली नाही. जन्मदाती, अंगावर पाजलेलं, सात वर्षं डोळ्यांसमोर वाढलेला मुलगा. आप्तांक शंभरच्या खाली येईल कसा? डिसेंबर जवळ येत होता आणि मला खात्री होती. मी हौसाबाईंचा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. त्यांचा हात माझ्या हातात अगदी हलका लागला.

धैर्यशीलला हौसाबाईंनीच सांगितलं, त्या रविवारच्या फोनवर, मी समोर बसले असताना. त्याचे डोळे पडद्यावर कुणाला तरी शोधू लागले. मग म्हणाला, "काकी कुठाय?"

"फोन धरून हुबी हाय," हौसाबाई म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही ऐकताय ना? काकी माझ्याकडे कधी बघायचीच नाही. मी सुट्टीला आलो की ही चुलीकडे तोंड करायची. म्हणून मीच हिच्याकडे बघत बसायचो. मला वाटायचं, मी हिला आवडत नाही."

फोन हलला. मालननं तो खाली ठेवला नाही, फक्त दुसराही हात त्याला लावला.

मालनची परीक्षा नोव्हेंबरात झाली. मी स्वतः तिच्याबरोबर पुण्याला गेले. ती टोपी घालून खुर्चीत बसली, पाय जमिनीला टेकत नव्हते. काचेपलीकडून मी पाहत होते. फोटो येत गेले, आवाज येत गेले, धैर्यशीलचा शर्ट असलेली बरणी उघडली. तिच्या तोंडावरची रेषही हलली नाही. मला वाटलं, घाबरलीय. अर्ध्या तासानं तंत्रज्ञ मुलगी कागद घेऊन बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता तो तिनं माझ्या हातात दिला.

बावीस.

यंत्र बिघडलं असणार म्हणून मी भांडले. त्यांनी दुसऱ्या यंत्रावर पुन्हा घेतली. एकवीस. मग त्या मुलीनं मला आत नेऊन पडद्यावर आलेख दाखवला. धैर्यशीलचा चेहरा आला की मालनची लहर उसळत होती. उसळी कसली, तिला पट्टीच पुरत नव्हती, आलेखाच्या वरच्या कडेला जाऊन टेकत होती. आणि तिथून, एक दशांश सेकंदाच्या आत, सरळ खाली. दाबून टाकल्यासारखी, सपाट. प्रत्येक फोटोला तेच. आवाजाला तेच. वासाला तेच.

"असं मुद्दाम करता येत नाही," ती मुलगी म्हणाली. "विचार करायला वेळच नसतो. ही मेंदूला लागलेली सवय आहे. फार वर्षांची असणार. यंत्र उसळी मोजत नाही, मॅडम, उसळीनंतर लहर किती वेळ टिकते ते मोजतं. यांची टिकतच नाही."

आम्हाला अपील मिळालं नाही. यंत्राला जे दिसलं ते नियमाला पुरेसं होतं. धैर्यशीलच्या फाइलवर तिकडच्या नोंदणीत आता आईच्या रकान्यात 'नोंद नाही' असं आलं आहे. हौसाबाईंचा अंगठा परत मागायला मी तीन अर्ज केले. तिन्ही फेटाळले गेले. सव्वीस वर्षांत मी पुष्कळ खटले हरले, पण माझ्या हातानं एखाद्याची आई पुसली, असं कधी झालं नव्हतं. पूर्वचाचणीचा एक दिवस मी वाचवला आणि त्यात दोघींचं सगळं गेलं. हे मी त्यांना सांगितलं, माफी मागितली. हौसाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या." ते मला जास्त लागलं.

डिसेंबरचा शेवटचा रविवार होता. वर्ग बंद व्हायला चार दिवस होते आणि आता त्याला काही अर्थ नव्हता. मी कागद परत द्यायला डोणेवाडीला गेले. पेटी कोपऱ्यात बंद करून ठेवलेली होती. हौसाबाईंनी मला तो आलेख दाखवायला सांगितला. मी कागद त्यांच्या मांडीवर पसरला. त्यांनी रेषेवर बोट ठेवलं.

"ह्ये वर गेलंय ते काय?"

"त्याला बघितल्यावर यांना जे वाटलं ते."

"आनि ह्ये खाली आणलंय ते?"

मालन चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिथूनच म्हणाली, "ते तुमचं हाय, आक्का. तुमाला दिलेलं."

हौसाबाईंनी तो कागद घडी घालून कनवटीला लावला. एवढ्यात चार वाजले आणि फोन वाजला. मालन सवयीनं उठली, हात पुसले, फोन उचलून थोरलीसमोर धरायला आली. हौसाबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला. तिला भिंतीशी बसवलं, स्वतः समोर उभ्या राहिल्या आणि फोन तिच्या तोंडासमोर धरला. बाहत्तर वर्षांची ती बाई दोन्ही हातांनी फोन धरून, चित्रात येणार नाही अशा बेतानं उभी होती.

"बग की गं तेच्याकडं," हौसाबाई म्हणाल्या. "मी सांगतीया. बग."

मालननं मान वर केली. धैर्यशील पडद्यावर आला, त्याचे डोळे सुजलेले होते. तिनं त्याच्याकडे पाहिलं असेल नसेल, आणि तिची नजर खाली जमिनीवर गेली. तिनं पुन्हा वर केली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा तिनं पदर तोंडावर ओढला.

"आई," धैर्यशील म्हणाला.

कुणाला म्हणाला ते त्यानं सांगितलं नाही. मी दोघींकडे पाहत होते. फोन हौसाबाईंच्या हातात तसाच होता. तो पुन्हा एकदा म्हणाला, जरा मोठ्यानं, आवाज पोचला नसेल असं वाटून. दोघींपैकी कुणीच ओ दिली नाही.